वाळीतल्या घराचा ट्रॅक्टर

माझ्या नवऱ्याचं नाव नामा. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी फक्त रागात असले की घेते, आणि गेले सात महिने मी रागातच आहे. तेव्हा नामाच म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात कोणी उभं राहायचं ते गावकी ठरवते, म्हणजे नामाचा चुलतभाऊ धर्माजी ठरवतो. त्याने बिनविरोध म्हणून एक नाव देवळात जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेने, कल्पिताने, मुरूडला जाऊन अर्ज भरला. अकरा मतांनी पडली. पडली तर पडली, विषय संपायला हवा होता. पण गावकीची बिनविरोधची शान गेली म्हणून आम्हाला वाळीत टाकलं. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, दुकानदाराने मीठ द्यायचं नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही. बोलेल त्याला दंड. बाजारात माझ्या शेजारी बसून वीस वर्षं मासे विकणारी येसूबाई मला बघून टोपली उचलून पलीकडे गेली. त्या दिवशी मी घरी येऊन एक भांडं आपटलं, ते अजून पोचलेलंच आहे.

याविरुद्ध कायदा आहे. कल्पिताने तो छापून आणला, पानं टाचून ठेवली. पोलिसांत जाऊ म्हणाली. नामा म्हणाला, आपलीच माणसं आहेत, जाऊ दे, निवळेल. हे 'जाऊ दे' मी सात महिने ऐकते आहे. माणसाला राग येत नसेल तर त्याने निदान दुसऱ्याच्या रागावर पाणी ओतू नये.

तरी हिवाळा निघाला. मासे आम्ही बाहेर नेऊन विकले, दळण दिघीच्या बाजूला करून आणलं. खरी अडचण मे महिन्यात उभी राहिली. जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधी होडी पाण्याबाहेर काढून शाकारावी लागते. आमची होडी लाकडी, अठ्ठावीस फुटी, इंजिनासकट. तिला वीस माणसं लागतात. आमच्या गावात ही ओढणी मोलाने होत नाही. वैशाखातल्या उधाणाला सगळे पुरुष किनाऱ्यावर जमतात आणि एकेकाची होडी ओढतात. ज्याची होडी, तो चहा-पाव देतो. यंदाची यादी देवळात वाचली, तीत एकतीस होड्या होत्या. आमची नव्हती.

होडी बाहेर आली नाही, तर पहिल्याच वादळात खडकावर जाऊन तिचा भुगा होणार आणि आमचं घर बसणार. दुसरा धंदा आम्हाला येत नाही. तेव्हा होडी ओढायला गाडी घ्यायची, असं मी ठरवलं. ठरवलं मी, पण कुठली गाडी यावर घरात तीन मतं पडली.

माझा मुलगा जीवन याला पिकअप हवा होता. त्याचा मित्र शुभम नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बनाना राइड देतो, त्याचा पांढरा पिकअप विकायला होता. चारही चाकं जोर लावतात, वर्षभर मासे वाहायला होईल, एसी आहे, गाणी लागतात, असं जीवन जेवताना, झोपताना सांगत होता. नामाचं मत असं की गाडीच नको. देवळात जाऊन नारळ ठेवायचा, चुकलं म्हणायचं, म्हणजे वीस माणसं फुकट येतील. मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. अर्धवट जेवलेलं होतं, तरी उचललं.

"चुकलं कोण?" मी विचारलं. "अर्ज भरणं चूक हाय का?"

तो म्हणाला, चूक कोणाची ते समुद्राला कळत न्हाय, पाऊस तर येणारच. मग त्याने हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसला. मला वाटलं, या माणसाबरोबर मी बत्तीस वर्षं काढली, म्हणजे माझ्याच डोक्यात काहीतरी कमी आहे.

पिकअप बघायला आम्ही चौघंही गेलो. शुभमने तो धुऊन, पुसून, आत अत्तर मारून ठेवला होता. जीवन आत बसून स्टिअरिंग कुरवाळायला लागला. मी म्हटलं, गाणी नंतर ऐकू, आधी ओढून दाखव. तिथेच एक होडी ओहोटीच्या ओल्या वाळूत उभी होती, आमच्यापेक्षा लहानच. शुभम कुरकुरला, पण मालकाला विचारून त्याने दोर बांधला. पिकअपने जोर लावला, होडी तसूभर हलली नाही, मागची चाकं मात्र जागच्या जागी फिरून खाली गेली. जीवन उतरून आणखी जोर लाव म्हणाला, तशी गाडी पार पोटावर बसली. भरती चढत होती. शेवटी पर्यटकांच्या अडकलेल्या गाड्या काढणारा ट्रॅक्टर आला आणि त्याने तो एसीवाला पिकअप मागून ओढून काढला.  

कल्पिता तोवर त्या ट्रॅक्टरभोवती फिरत होती. ती रोह्याच्या आतल्या गावची, बापाची भातशेती. शाळेत होती तेव्हापासून तिने बापाचा ट्रॅक्टर चालवला आहे. लग्न होऊन आल्यावर मीच तिला म्हटलं होतं की इथे त्याचा काय उपयोग. ती मला म्हणाली, "आई, जुनाच ट्रॅक्टर घेऊ. ज्यात वायरी कमी, त्याला खारं पाणी कमी खातं. आणि चिखलणीची लोखंडी चाकं बसवू."

चिखलणीची चाकं म्हणजे लोखंडी पट्ट्यांचे पिंजरे. भाताच्या खाचरात चिखल करताना ट्रॅक्टर रुतू नये म्हणून ते टायरला लावतात. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू कमी आणि गाळ जास्त, तिथे हेच हवं होतं. तिच्या बापाने, सदा व्याह्यांनी, आठ दिवसांत शेजारच्या गावातला एक ट्रॅक्टर शोधला. रंग उडालेला, सीट फाटलेली, सायलेन्सर तारेने बांधलेला. माझ्या बांगड्या गेल्या. जीवनने तोंड पाडलं. नामा ट्रॅक्टरकडे बघून म्हणाला, "आता गावकी आणखी चिडेल." मी म्हटलं, चिडू दे, आपण काय हसतोय का इतके दिवस?

उधाणाच्या तिसऱ्या दिवशी हवामान खात्याचा इशारा आला की समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतो आहे. गावात धावपळ सुरू झाली. तरणी पोरं मुंबईला आणि कंपन्यांत, त्यामुळे ओढायला यंदा सतराच माणसं होती, तीही निम्मी साठीची. तीन दिवसांत त्यांनी एकोणीस होड्या काढल्या होत्या. बारा पाण्यात होत्या, त्यात खुद्द धर्माजीची. यादीत तो स्वतःला शेवटी ठेवतो, तेवढी लाज त्याला आहे, हे मी कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती पुरी चढल्यावर कल्पिता ट्रॅक्टर घेऊन किनाऱ्यावर उतरली. ओढणारी माणसं दम खात बांधावर बसली होती, बायका मागे उभ्या होत्या. ट्रॅक्टर बघून सगळे गप्प झाले. तसे आमच्यासाठी ते गप्पच असतात, पण हे गप्प राहणं वेगळं होतं, मला बरं वाटलं. जीवनने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोर बांधला आणि तो तिथेच उभा राहिला. नाळेशी उभा राहणारा ओरडून सांगतो, कधी ओढायचं आणि कधी थांबायचं. होडीखाली ओंडके घालायचे होते. नामा डावीकडे, मी उजवीकडे.

ट्रॅक्टरने दोर ताणला आणि होडी पाण्यातून सरसर वर आली. मी मनात म्हटलं, बघा. पाण्याची साथ सुटली तशी ती डुलायला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण महिनाभर फक्त ओढण्याचा विचार केला. होडीचा तळ निमुळता. पाण्याबाहेर ती आपली आपण उभी राहत नाही, दोन्ही बाजूंनी चार-चार जणांनी खांदा लावून तिला सरळ धरावी लागते. वीस माणसांत ओढणारे बारा आणि धरणारे आठ असतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे आणि ट्रॅक्टरच्या नादात विसरले. माझाच मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

होडी डावीकडे, नामाच्या अंगावर कलायला लागली. जीवन थांब थांब ओरडला, ट्रॅक्टर थांबला, पण कलणं थांबेना. नामाने पाठ लावली होती, त्याचे पाय गाळात सरकत होते. मी इकडून धावून त्याच्या बाजूला गेले. दोघांनी मिळून काय होणार? बांधावर चाळीस माणसं होती, आणि सगळ्यांना कळत होतं काय होणार आहे. एकही उठला नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मला सात महिन्यांत कळलं नव्हतं, त्या क्षणी कळलं. डोळ्यांदेखत माणूस होडीखाली जात असताना हिशेब करत बसतात.

"डावीकडं टेकू लाव, येड्या! फळ्या फुटतील तिच्या!"

धर्माजी. तो नामासाठी ओरडला की होडीसाठी, देव जाणे. उभं आयुष्य होड्यांत गेलेला माणूस, त्याला होडी कलताना बघवलं नाही. फळ्यांची काळजी आधी आली, फळ्यांखालच्या भावाची नंतर. पण तो धावत आला आणि त्याने खांदा लावला. मुख्यच उठला म्हटल्यावर बाकीचे उठले. दहा-बारा जण दोन्ही बाजूंना आले, जीवनने हाक दिली आणि कल्पिताने होडी एका दमात वर, झाडांपर्यंत नेली. हाताने याला पाऊण तास लागतो.

सगळे होडीभोवती घाम पुसत उभे राहिले. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. धर्माजीने हात झटकले आणि मोठेपणाने नामाच्या खांद्यावर ठेवला.

"संध्याकाळी देवळात ये. नारळ ठेव, चुकलं म्हण, मी सगळ्यांना सांगतो, झालं-गेलं विसरा. आणि आता तो ट्रॅक्टर माझ्या होडीला लाव. भरती उतरायला लागली."

माझ्या अंगाची लाही झाली. नारळ आम्ही ठेवायचा आणि ट्रॅक्टरही आम्हीच लावायचा. मी तोंड उघडलं, त्याची आई-बहीण काढायची फक्त बाकी होती. पण नामा माझ्याआधी बोलला. गुडघ्यापर्यंत गाळ, सदऱ्याची बाही फाटून खांद्यातून रक्त येत होतं, आणि आवाज नेहमीसारखाच हळू.

"चुकलं न्हाय दादा, तर चुकलं म्हणू कसा? नारळ मी ठेवणार न्हाय. तुजी होडी ओढतो. होडीनं माझं काय वाईट केलं न्हाय. ट्रॅक्टर कल्पिता चालवंल. तू नाळेशी उभा राहा आणि तिला हाक दे."

मी नवऱ्याकडे बघतच राहिले.

धर्माजी म्हणाला, जीवन चालवेल की. नामा म्हणाला, जीवनला येत न्हाय. मग धर्माजीने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा बांधाकडे. पाणी उतरत होतं, त्याची होडी अजून तरंगत होती, घटकाभराने गाळात बसली असती. या माणसाने कल्पिताशी बोलल्याबद्दल गिरणीवाल्याला भर देवळात दंड ठोकला होता. तो नाळेशी जाऊन उभा राहिला. दोर बांधला, माणसं दोन्ही बाजूंना लागली.

"नामा, सांग तिला, ओढ म्हणावं," तो म्हणाला.

नामा ओंडक्यापाशी वाकला होता, तो वर बघेना. ट्रॅक्टर फटफटत होता. कल्पिता सीटवर मागे वळून बसली होती, एक हात स्टिअरिंगवर, आणि थेट धर्माजीकडे बघत होती. तिला घाई नव्हती. बांधावरच्या बायकाही पुढे सरकल्या होत्या, येसूबाई त्यांत होती.

"ओढ," धर्माजी म्हणाला, अर्ध्या आवाजात.

कल्पिताने कानाला हात लावला.

"कल्पिता, ओढ!" तो ओरडला. साऱ्या बंदराला ऐकू गेलं.

तिने गिअर टाकला. दोर ताणला, होडी वर यायला लागली आणि तो पावलापावलाला तिला हाका देत तिच्या मागे चालू लागला, थांब कल्पिता, हळू कल्पिता, आता ओढ. मला वाटलं होतं, असलं काही ऐकायला मिळालं की माझा राग निवेल. निवला नाही. सात महिन्यांचा होता, त्यात आज सकाळची भर पडली होती. उजव्या बाजूला एक माणूस कमी होता आणि होडी तिकडे झुकायला लागली, म्हणून मी जाऊन खांदा लावला. ओल्या लाकडाचा भार अंगावर आला.

"सत्यवती, धरलंस ना नीट?" धर्माजीने पुढून विचारलं.

मी नीट धरलं होतं. उत्तर दिलं नाही.