बैठकीची सतरंजी

बसा मित्रांनो, पण चपला काढून बसा. मी एक जुनी सतरंजी आहे, आणि जुनी झाले म्हणून मान सोडलेला नाही. निळे-तांबडे पट्टे, जाड सूत. एकट्या माणसाला मी उचलवतही नाही. हातमागावर मला विणणाऱ्या बाईने शेवटची गाठ मारली आणि म्हणाली, "जाय माय, चांगल्या घरी राह्यजो."

घर चांगलंच मिळालं. पवनारचे अण्णाजी, पिढीजात कास्तकार. मुलगी मोहिनी हिच्या साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, त्यांनी मला आणलं. त्या दिवशी काय मिरवले मी! पाहुणे हात फिरवून म्हणायचे, "अरे बाप्पा, काय सतरंजी हाये!" पुढे गल्लीतलं बारसं असो की हळदीकुंकू, माझ्यावाचून पान हलेना. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू?

मोहिनी सिंदी मेघेला प्रफुलच्या घरी नांदायला गेली. त्याचं कापडाचं दुकान. वर्षाच्या आत ती एकटीच बसने माहेरी आली, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घालून. आईला, यशोदाबाईंना, तिने दंडावरचे वळ दाखवले. "माय, तो मारते मले."

यशोदाबाई म्हणाल्या, "भांड्याले भांडं लागतेच बाई. सांभाळून घे." मोहिनीने बाही खाली ओढली आणि संध्याकाळच्या बसने परत गेली.

दुसऱ्या वेळी ओठ फाटला होता. तो काही बाहीत लपत नाही. तेव्हा अण्णाजींनी बैठक बोलावली आणि मला अंथरलं. मधोमध प्रफुल, त्याचे वडील आणि सोयरीक जुळवणारे बंडूजी. मोहिनीने चहा आणला. ज्याने मारलं, त्यालाच पहिला कप द्यावा लागला. बोलणं चाललं होतं ते दुकानाच्या टेन्शनचं आणि प्रफुलच्या गरम डोक्याचं. शेजारची ज्योत्स्ना, गावची आशा सेविका, माझ्या काठावर बसली होती. ती म्हणाली, "अवं, मोहिनीले त विचारा कोणी!"

"बायांनी मधात बोलू नोका," बंडूजी म्हणाले, आणि विषय संपला.

आमच्याकडे लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो. जावई सासऱ्यापुढे वाकत नाही, ही रीत. बंडूजींनी नेमकी तीच मोडायला लावली. प्रफुल उठला आणि अण्णाजींच्या पाया पडला. सगळी बैठक विरघळली. "जावई वाकला, आता काय राह्यलं?" यशोदाबाईंनी डोळे पुसत लेकीची ओटी भरली आणि मोहिनी त्याच्याच गाडीवर मागे बसून गेली. माझ्यावर पोहे सांडले होते. मला झटकलं, घडी घातली आणि म्हणाले, मिटलं. मिटलं डोंबल!

तिसऱ्या वेळी ज्योत्स्नाच तिला दवाखान्यातून घेऊन आली. मोहिनीचा डावा कान गेला होता. कानशिलात बसल्यावर कितीतरी दिवस तिने कोणाला सांगितलंच नाही. सांगून काय, पुन्हा बैठकच होणार, असं तिला वाटलं.

आणि खरंच, अण्णाजी सवयीने म्हणाले, "बंडूजीले फोन लावतो. सतरंजी टाका."

"बाबा," मोहिनी म्हणाली, "तो तुमच्या पाया पडला ना, त्याचाच राग काढून राह्यला माह्यावर. मारताना म्हणते, तुह्या बापापुढं वाकवलं मले."

यशोदाबाई आल्या आणि सरळ माझ्या घडीवरच बसल्या. "नाई टाकाची सतरंजी. ज्योत्स्ना, कुठं जा लागते ते सांग. मी येतो पोरीसोबत."

तिघी वर्ध्याला, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याकडे गेल्या. तिथल्या बाईंनी सोबतच्या दोघींनाही गप्प बसवून आधी मोहिनीला बोलू दिलं, असं ज्योत्स्ना नंतर सांगत होती. आता कोर्टाचा आदेश आहे; प्रफुलला या दारात पाऊल ठेवता येत नाही. हे पहिल्या वळालाच झालं असतं तर? हा विचार मला घडीतसुद्धा सुखाने पडू देत नाही.

आजकाल दुपारी मोहिनी माझ्यावर बसून ब्लाउज बेतते. परवा अण्णाजी तिच्या शेजारी येऊन टेकले, डाव्या बाजूला. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मीच तुले परत धाडलं वो. तुले काय पाह्यजे, इचारलंच नाई."

मोहिनी कात्री चालवत राहिली. तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणायची अण्णाजींची हिंमत झाली नाही. उठले आणि गोठ्याकडे निघून गेले.

म्हणून हात जोडून सांगते मित्रांनो, घरची लेक, बहीण, शेजारीण अशी दारात आली, तर माणसं गोळा करायला धावू नका. तिच्याजवळ बसा. तिलाच विचारा, तुला काय हवंय. तिला ऐकू येतंय, तोवर विचारा.