विनुताचं पुस्तक कुणी निवडायचं?

पाहुणे आले की पोरांना पुढं ओढायची आपल्या लोकांची खोड काही जात नाही. एकानं गाणं म्हणायचं, दुसऱ्यानं पाढे म्हणायचे आणि आईबापांनी कौतुकानं माना डोलवायच्या. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या सूर्यनारायणरावांच्या घरी तर नवरात्रात याला ऊतच यायचा. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला शेजारीपाजारी येत, चण्याची उसळ, म्हणजे सुंडल, खात, आणि राव मुलीला हाक मारत, "विनुता, पेपर आण गं. मामांना पहिलं पान वाचून दाखव."

विनुता पंधरा वर्षांची, नववीतली. पेपर आणायला म्हणून ती जी आत जायची, ती बाहेर यायचीच नाही. मागच्या वर्षी आली होती. चार ओळींत इतकी अडखळली की पाहुण्यांची पोरं फिदीफिदी हसली आणि राव सगळ्यांदेखत म्हणाले, "दगड आहे नुसती! आमच्या घराण्यात असं कुणी निपजलं नव्हतं."

राव वाईट माणूस नव्हते बरं का. सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट, सरळमार्गी, पोरीवर जीव टाकणारे. पण वाचनाचा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरायचं. तिला गोडी लागावी म्हणून त्यांनी थोरामोठ्यांची चरित्रं आणली, जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या आणल्या. तिनं एकही पुस्तक उघडलं नाही, तेव्हा चिडून पहिलीच्या पोरांचं, बदकांच्या चित्रांचं पुस्तक आणून तिच्या पुढ्यात आदळलं. "हे तरी वाच!" दावणी, म्हणजे अर्धी साडी, नेसणारी पोर ती, आणि समोर तिच्या दोन मैत्रिणी बसलेल्या! त्या दिवसापासून विनुतानं शाळेबाहेर पुस्तकाला हात लावला नाही. राव म्हणाले, हट्टी आहे.

"देश बदलतोय," ते बायकोला, भामाबाईंना, सांगत. "बाहेरच्या कंपन्या येताहेत, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेत. धड वाचता न येणाऱ्या पोरीला कोण विचारणार? दहावीत गटांगळ्या खाऊन शोभा करून घेण्यापेक्षा शाळा पुरे. तिरुवैयारुला आजीपाशी राहू दे, स्वयंपाक शिकू दे. पुढं लग्नाचं बघू." हेडमिस्ट्रेसना त्यांनी तसं सांगूनही टाकलं होतं. नवरात्राची सुट्टी संपली की दाखला आणायचा. भामाबाई भांडल्या, रडल्या, पण राव ऐकेनात.

त्याच सुट्टीत रावांची धाकटी बहीण वाणी मद्रासहून आली. ती तिथल्या एका शाळेत, वाचायला अवघड जाणाऱ्या मुलांचा वर्ग घ्यायची. आल्यापासून ती भाचीच्या मागेमागेच होती. तिच्याशी गप्पा मार, तिला गोष्ट वाचून दाखव, मग तिच्याकडून ऐक, असं चाललं होतं. एका संध्याकाळी ती भावाजवळ येऊन बसली.

"अण्णा, पोर हुशार आहे. एकदा ऐकलेलं विसरत नाही. तिरुवैयारुच्या शेतातला कुठला साप विषारी, कुठला बिनविषारी, काय खातो, कुठं अंडी घालतो, सगळं मला सांगितलं तिनं. फक्त छापलेलं समोर आलं की अडते. याला डिस्लेक्सिया म्हणतात."

"वा! मद्रासला आळसाला नवीन नाव मिळालं वाटतं," राव म्हणाले.

वाणी रागानं लाल झाली. तेवढ्यात शेजारचे वेंकटराव आणि त्यांची बायको राजम कोलू बघायला आले. कॉफी झाली. राव रंगात आले. "आम्हाला इथं येऊन इतक्या पिढ्या झाल्या वेंकटराव, पण मराठी सोडली नाही!" असं म्हणून त्यांनी सवयीनं आत हाक मारली, "विनुता, पेपर आण!"

"आज तिला राहू दे," वाणी म्हणाली. "आज तू वाच, अण्णा." आणि तिनं पुण्याहून आणलेलं एक मराठी गोष्टींचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

आता खरी गोष्ट सांगायची तर त्या गल्लीतल्या निम्म्या लोकांसारखे राव मराठीत बोलत, मराठीत भांडत, देवाला गाऱ्हाणंही मराठीत घालत. पण लिहीत-वाचत ते तमिळ आणि इंग्रजी. बाळबोध अक्षरं लहानपणी वडिलांनी शिकवली होती, त्यानंतर गाठ पडली नव्हती. पण आत्ताच एवढी बढाई मारलेली! नाही कसं म्हणणार? त्यांनी चष्मा लावला.

पहिला शब्द पार पडला. दुसऱ्याशी गाडी अडली. हा घ की ध? मात्रा कुठली नि काना कुठला? एकेक अक्षर जुळवत ओळीच्या टोकाला पोचावं, तो सुरुवात काय होती तेच डोक्यातून गेलेलं. शब्द रोजच्या बोलण्यातलेच होते, कागदावर मात्र एकही ओळख देईना.

"काय हो राव, आपलीच भाषा ना?" वेंकटराव खो खो हसले.

"जरा लक्ष दे, अण्णा," वाणी शांतपणे म्हणाली. "लहान लहान पोरं वाचतात हे. आळस करू नकोस."

रावांनी पुन्हा ओळ धरली, पुन्हा अडले. एवढ्यात आतून विनुता आली. तिनं वडिलांच्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं आणि आत्याकडं वळून म्हणाली, "पुरे, आत्या. अप्पांना नको ना वाचायला लावूस. सगळे बघतायत."

राव तिच्याकडं बघतच राहिले. अरे देवा! इतक्या वर्षांत, या घरात, या पोरीसाठी हे एवढंसं वाक्य कुणी बोललं होतं का? बापही बोलला नव्हता. बाप तर हिणवणाऱ्यांत पहिला होता!

पाहुणे गेले. मग राव बारीक आवाजात म्हणाले, "असं होतं तिला?"

"तू दोन महिने बसलास तर वाचशील," वाणी म्हणाली. "तिला तमिळ असो, इंग्रजी असो, रोजच हे असं. दोष डोळ्यांत नाही, अकलेत तर नाहीच नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड तिला सहज बसत नाही. वेगळ्या रीतीनं शिकवलं, वेळ दिला, की बसते."

"मी पुस्तकं काय कमी आणली?"

"आणलीस की! सगळी तुझ्या आवडीची. आणि शेवटी ते बदकांचं! अरे, वाचन मागं पडलं म्हणून मन पाच वर्षांचं होतं का? तिला पुस्तक हवं पातळ, मोठ्या टायपाचं, मोकळ्या ओळींचं. पण आत पंधरा वर्षांच्या मुलीला धरून ठेवील असं काहीतरी पाहिजे. आणि ते तिनं निवडायचं. तू नाही!"

दुसऱ्या दिवशी राव, वाणी आणि विनुता पुस्तकांच्या दुकानात गेली. विनुता हात मागं बांधून उभी राहिली. एकेका पुस्तकाकडं बघायच्या आधी ती वडिलांच्या तोंडाकडं बघे. रावांना ते फार लागलं. ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मग कुठं तिनं हात पुढं केला आणि एक पातळसं तमिळ पुस्तक उचललं. पानापानावर सापांचे फोटो, खाली दोन-चार ओळी.

"अय्यो! नवरात्रात साप आणलात घरात?" भामाबाई ओरडल्या. पण संध्याकाळी त्याच लेकीशेजारी बसल्या. वाणीनं रीत दाखवली: आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग ओळीखाली पट्टी धरून दोघींनी मिळून वाचायचं, अडली तर शब्द सांगायचा आणि पुढं जायचं. काय कळलं म्हणून उलटतपासणी घ्यायची नाही.

सुट्टी संपली तसे राव शाळेत गेले आणि मुलीचं नाव काढू नका म्हणून हात जोडून आले.

त्यानंतर सापांचं पुस्तक संपलं, वादळांचं आलं, मग एका बुद्धिमान चोराची गोष्ट आली. विनुता हळू वाचते, अडखळते, पण वाचते. फक्त वडील खोलीत आले की तिचा आवाज थांबतो. "वाच ना गं," राव म्हणतात. "नंतर, अप्पा," ती म्हणते. तिच्या बोलण्यात राग नसतो, सवय पडून गेली आहे एवढंच. मग राव मुकाट्यानं बाहेर येऊन ओट्यावर बसतात. थोड्या वेळानं आतून आवाज सुरू होतो. ते कान देऊन ऐकतात आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसतात.

वाचकहो, तुमच्या घरातही असं एखादं मूल असेल. त्याला दगड म्हणण्याआधी ते कुठं अडतंय ते जाणत्याला विचारा. पुस्तक सोपं द्या, पण त्याच्या वयाचा मान राखणारं द्या, आणि त्याचं त्याला निवडू द्या. चारचौघांत वाचायला तर कधीच उभं करू नका! सूर्यनारायणरावांना हे सगळं कळलं, पण उशिरा कळलं. म्हणून आज स्वतःच्याच लेकीचं वाचन ऐकायला त्यांना दाराबाहेर बसावं लागतं.