दसऱ्यापासून चुकणारा नेम

आमच्या तनुजाला स्वतःचं काही चुकलं असं कधी वाटतच नाय. दसऱ्यापासून कॉम्प्युटरवरच्या बंदुकीच्या खेळात तिचा नेम लागेना, तर आधी खुर्ची वाईट ठरली, मग टेबल बुटका ठरला, मग माझ्या कुकरची शिट्टी. नात आहे, कॉलेजला जाते, म्हणून ऐकून घेते. पण आता मी लई थकले.

रविवारी क्रांती चौकातल्या गेमिंग कॅफेत त्याच खेळाच्या टीमसाठी तिची निवड चाचणी होती. टीममध्ये एकच जागा रिकामी, आणि पोरगी काय खेळणार म्हणून पोरं आधीच हसलेली. हे तिनं मला भाकरी खाताना सांगितलं, मान खाली घालून. तेव्हापासून माझ्याही जिवाला घोर.

खेळातलं मला कळत नाय, पण नेमातलं कळतं. फुलंब्रीला ज्वारी राखताना मी गोफण मारायचे. तिला म्हटलं, नुसतं मनगट काय हलवतीस, कोपरापासून हात फिरव. ते तिला पटलं. रोज सकाळी अर्धा तास ती स्क्रीनवर उमटणारे ठिपके फोडायची. दसऱ्याआधी शंभरातले ऐंशी फुटायचे, आता चाळीस बी नाय. नेमाची फुली मधेच पळते, मधेच अडकते, म्हणायची. मग माउस किती जोरात पळावा ते सेटिंग बदलायची. सकाळी एक, दुपारी दुसरं. हाताला सवय लागावी कशी?

शनिवारी ती रडून तोंड धुवायला गेली. मी टेबल पुसायला घेतलं. माउस उचलला, उलटा केला, तर पोटाच्या भोकात कुंकू भरलेलं.

खंडेनवमीला आमच्यात विळा, कुऱ्हाड, पोराची मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. मागल्या साली माउसच्या पाठीला हळदकुंकू लावलं, तर हात भरला म्हणून तनुजा चिडली होती. यंदा मी शहाणपणा केला, पोटाला लावलं. तिथं बारीक दिवा लागतो, तोच त्याचा डोळा, हे मला कोण सांगणार?

कोरड्या वातीनं मी तो डोळा पुसला. वात लाल झाली. फेकून दिली असती तर कुणाला कळलं नसतं. तेही मनात आलं. पण मग पोरगी आपला हातच बिघडलाय समजून रविवारी तिथं गेली असती.

ती आली तशी वात तिच्यापुढं धरली आणि कुंकवाचं सांगितलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वातीकडं, आणि ठिपके फोडायला बसली. सत्त्याहत्तर फुटले. मग वळून माझ्याकडं बघत राहिली, मी चुकले म्हणून हात जोडीन, या आशेनं.

मी म्हटलं, "कुंकू मी लावलं, ते माझ्या माथी. पण तू खुर्चीला बोललीस, टेबलाला बोललीस, मला बोललीस, आणि हातातलं एकदा उलटं करून नाय पाहिलंस. नेम तुझा चांगलाय, तनुजा, तोंड तेवढं आवर. आता ते सेटिंग दसऱ्याआधी होतं तसं कर, आणि उद्यापर्यंत त्याला हात लावू नको."