दाराकडे बघणारे सरदार

सूनबाईने नव्या घराच्या हॉलमध्ये दरबार भरवला होता. एका अख्ख्या भिंतीवर जुन्या काळचे राजे, राण्या, सरदार. म्हणजे जुन्या चित्रांच्या छापील प्रतीच, पण फ्रेमा अशा झोकात की अस्सल चित्रांनी लाजावं. कोणी गुलाब हुंगतोय, कोणाच्या मनगटावर बहिरी ससाणा, कोणी बाई मोत्यांची माळ चाचपतेय. आणि झाडून सगळे एका बाजूला तोंड करून. कोणी समोर बघेल तर शपथ!

"यांचं आपापसात काही बिनसलंय का गं?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आई, त्या काळी चेहरा असाच बाजूने काढायचे."

"म्हणजे दुसऱ्या डोळ्याचे कष्ट वाचले. हुशार हो!"

सूनबाई हसली आणि पुन्हा हातोडीकडे वळली. तिचा एक नियम होता. प्रत्येक चेहरा खोलीच्या आत बघणारा हवा. तोंड दाराकडे असलं की माणूस निघाल्यासारखा वाटतो. या नियमापायी बिचाऱ्या ससाणेवाल्याची दोन-तीनदा बदली झाली होती.

सासूबाई शिंप्याची बायको. जन्मभर नवऱ्याच्या मशीनशेजारी बसून काजं-बटणं केलेली, त्यामुळे त्यांना माणसाआधी त्याचे कपडे दिसत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या एकेका सरदाराची हजेरी घेत. "हा फूलवाला बघ, अंगरखा बगलेत ओढतोय. आमच्या ह्यांनी उसवून हातात दिला असता."

बोलणं कुठूनही निघो, यायचं 'आमच्या ह्यांच्या'वरच. आणि 'हे' होते आतल्या खोलीत, कपाटावर. दुकानाच्या परवान्यासाठी काढलेला फोटो मोठा करून घेतलेला. डोळे असे वटारलेले की बघणाऱ्याने खिसे रिकामे करून दाखवावेत. "आई, बाबांचा हा फोटो हॉलमध्ये शोभणार नाही गं," चिरंजीव म्हणाले होते. सून फ्रेमा मोजत राहिली, म्हणजे तिचंही तेच मत.

"बरं," म्हणाल्या सासूबाई. पण आत कुठेतरी तुटलं. कोण कुठले गुलाब हुंगणारे हॉलमध्ये, आणि ज्याने पाय दुखेपर्यंत मशीन मारून हे घर उभं केलं तो कपाटावर! मागायचा मात्र त्यांचा स्वभाव नव्हता. चिडवायचा होता.

त्यांच्या रिळांच्या डब्यात तळाशी ह्यांचा आणखी एक फोटो होता. लग्नानंतर दोघं स्टुडिओत गेले, तेव्हाचा. फोटोवाल्याने हौसेने ह्यांना स्वतःकडचा मखमली कोट चढवला, फेटा बांधला. सासूबाई बाजूला, भिंतीशी उभ्या. फोटोवाला "हलू नका" म्हणाला आणि नेमके हे हलले. मान वळवून म्हणाले, "अगं, पदराची किनार उसवलीय तुझ्या." तेवढ्यात बटण दाबलं गेलं. फोटो फुकट गेला म्हणून फोटोवाला करवादला. सगळ्या घराने त्याला 'बिघडलेला फोटो' ठरवलं, आणि फ्रेम काही त्याच्या नशिबी आली नाही.

रविवारी सूनबाईच्या ऑफिसातली मंडळी चहाला यायची होती, खास भिंत बघायला. सूनबाई कपबशा पुसत होती तेवढ्यात सासूबाईंनी दाराजवळचा, फोटोच्याच मापाचा फूलवाला खाली उतरवला, मागचे खिळे कात्रीने उचकटले, त्याच्यावर बिघडलेला फोटो सरकवला आणि फ्रेम जागच्या जागी टांगली. मग खुर्चीत जाऊन बसल्या, अगदी गरीब गाय. कान मात्र स्वयंपाकघराकडे. सून चारचौघांत काही बोलली तर? चिडवणं वेगळं आणि ह्यांचा अपमान वेगळा.

मंडळी आली. सूनबाईची साहेबीण चष्मा सावरत एकेका फ्रेमपुढे थांबू लागली. दाराजवळ पोचली आणि म्हणाली, "वा! हे कोणत्या दरबारचे? काय रुबाब आहे!"

सूनबाईने बघितलं. तिच्या हातातला ट्रे कलला, एक बशी घसरून वाजली. तिने खुर्चीकडे नजर टाकली. सासूबाई खिडकीबाहेर काहीतरी फारच महत्त्वाचं बघत होत्या.

"हे आमच्याच दरबारचे," सूनबाई शेवटी म्हणाली. "माझे सासरे. शिंपी होते."

"आणि असे बाजूला का बघतायत?"

"ते मलाही माहीत नाही. आई, सांगा ना."

सासूबाई खिडकीकडून वळल्या. सांगितलं त्यांनी, स्टुडिओ, मखमली कोट, किनार, सगळं. वर जोडलं, "कोटही धड नव्हता. खांद्यात सैल." मंडळी हसली. साहेबीण हसता हसता डोळे टिपू लागली. ससाणेवाल्याकडे मग कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहुणे गेले तशी सूनबाई उठली आणि तिने ती फ्रेम भिंतीवरून काढली.

झालं, सासूबाईंना वाटलं. चालले हे पुन्हा रिळांच्या डब्यात. "अगं, तुझा फूलवाला आहे त्याच्या खालीच," त्या घाईने म्हणाल्या. "फोटो तेवढा दे माझा. गंमत केली मी."

"गंमत कळली मला," सूनबाई म्हणाली. "पण आई, नियम मोडलात तुम्ही."

दरबारासमोरची भिंत तिने कोरी ठेवली होती. तिथे तिने खिळा ठोकला, फ्रेम टांगली, मागे सरून बघितली, बोटाने किंचित सरळ केली. "तिकडे दाराकडे बघत होते. निघाल्यासारखे. आता बसा तुमच्या जागेवर आणि सांगा, कुठे बघतायत."

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. सगळा दरबार समोर ठेवून हे एकटे भिंतीवर होते, आणि बघत होते थेट त्यांच्याकडे. तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगायच्या बेतात.

सासूबाईंचे डोळे भरून आले. हात आपोआप पदराकडे गेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी किनार चाचपून पाहिली.

"धड आहे हो," त्या ह्यांना म्हणाल्या. "कुठे उसवलेली नाही."