गोपिकेचं प्लास्टर

मी प्लास्टर कापायची कात्री बोलतेय. कात्री म्हटलं की तुम्हाला शिंप्याची आठवते. मी तिची जाडजूड थोरली बहीण. माझी चोच खालून चपटी, म्हणजे प्लास्टरखाली शिरताना कातडीला ओरखडा पडू नये. जन्मभर पांढरी भुकटी खाल्ली मी. आता पाती बोथटली, खिळा सैल झाला. खरं सांगू? थकले मी.

माझे धनी डॉक्टर मधुकर धकाते. उमरेडच्या विणकराच्या घरचे. घरात दिवसभर मागाची खटखट, आणि हा मुलगा हुतुतूच्या मैदानात. एकदा त्याचा गुडघा निखळला, कोणीतरी ओढूनताणून बसवला, तो वाकडाच बसला. खेळ सुटला, पण गुडघा डोक्यातून काही गेला नाही. हाडांचाच डॉक्टर व्हायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं. पुढे वडील बापूजी गावभर सांगत सुटले, "आम्ही सूत विणतो, आमचा पोरगा हाडं विणते!"

शिकून, सरकारी इस्पितळात उमेदवारी करून डॉक्टरांनी शहरात, धंतोलीत दोन खोल्यांचा दवाखाना थाटला आणि मी त्यांच्या हाती आले. साठ-पासष्ट सालच्या सुमाराची गोष्ट. बैलबंडीवरून पडलेले, झाडावरून पडलेले, असे लोक यायचे. मग एक दिवस गोपिका आली.

गोपिका पारशिवनीची, शाळेच्या खो-खो संघातली. खांबाला वळसा घालताना पडली आणि नडगीचं हाड मोडलं. वडील चंपतराव तिला उचलून घेऊन आले. प्लास्टर घातलं गेलं, यथावकाश मीच ते कापलं. डॉक्टर तेव्हा नवे होते, त्यांची भाषा पुस्तकी. म्हणाले, "आता रोज थोडा थोडा पाय मोकळा करत जा." म्हणजे घोटा हलवा, घरातल्या घरात चाला. चंपतरावांनी गावी जाऊन सांगितलं, "डॉक्टरनं पाय मोकळा केला!" मोकळा म्हणजे सुटला, बरा झाला. शाळेच्या गुरुजींना तेच हवं होतं, कारण सामने तोंडावर आले होते. पोरगी मैदानात उतरली आणि हाड त्याच जागी पुन्हा मोडलं.

दुसऱ्यांदा ते जुळलं, पण पाय आखूड राहिला. मी प्लास्टर कापत असताना गोपिकेने विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी आता खो-खो खेळीन का?"

डॉक्टरांचा हात थांबला. "नाही वं पोरी," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. लोखंडाला वाईट वाटत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?

त्या दिवसापासून डॉक्टरांची पुस्तकी मराठी सुटली ती सुटलीच. "धावाचं नाही म्हंजे नाही! समजलं का गा?" अशी थेट उमरेडची भाषा. शाळांचे सामने असले की दवाखान्याला कुलूप लावून ते मैदानाच्या कडेला जाऊन बसत. गुरुजी मंडळी कुजबुजत, "आले धकाते! आता अर्धी टीम घरी बसवते हा माणूस." खरंच बसवत. शिव्याही खात.

पण माणसाची घाई काही जात नाही. बाप बदलले, गुरुजी बदलले, सगळ्यांचं बोलणं मात्र एकच: "एकच मॅच, साहेब, मग बसवा घरी." ऐकून ऐकून माझे कान किटले. डॉक्टरांचे केस पांढरे झाले. दवाखान्यात विजेची करवत आली. तिच्या घरघरीला लहान मुलं भितात, एवढ्यासाठी मी उरले.

आणि परवा, पंचवीसेक वर्षांनी, एक बाई किंचित लंगडत आत आली. गोपिका! सोबत तिची मुलगी कुसुम, नडगीला प्लास्टर. तेही खो-खोनेच.

"कापून टाका, डॉक्टरसाहेब. सोमवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे."

"हाड कच्चं आहे वं अजून. तुले तर माहीत आहे."

"माहीत आहे, म्हणूनच सांगून राहिली," गोपिका म्हणाली. "माह्यं राहिलं ते राहिलं. इले तरी खेळू द्या."

पूर्वीचे डॉक्टर असते तर छप्पर उडेल असे ओरडले असते. आता तेवढा जोर उरलेला नाही. ते खुर्चीत बसले, मला उचललं आणि गोपिकेच्या हातात दिलं. "माह्याच्यानं नाही होत. तूच काप."

तिने माझी चोच प्लास्टरच्या कडेखाली घातली. एक दाब दिला की काम सुरू.

"काप ना वं माय! काहून थांबली?" कुसुम म्हणाली.

गोपिकेने मला बाहेर ओढलं आणि टेबलावर ठेवलं.

"तूच मले खेळू देत नाही!" पोरगी किंचाळली.

"हो," गोपिका म्हणाली, "मीच देत नाही." आणि पदराने लेकीचे डोळे पुसायला गेली, तर लेकीने हात झटकला. तशीच गोपिका तिला कडेवर घेतल्यागत सावरत दवाखान्याच्या पायऱ्या उतरली.

आता मी ट्रेमध्ये पडून आहे. आईबापांनो, गुरुजींनो, हात जोडून सांगते, मला वेळेआधी बोलावू नका. कुसुमचं प्लास्टर कापायचा दिवस येईल, तेवढा दम मी धरते. ते एक नीट कापू द्या, मग मला खुशाल भंगारात घाला.