पुसलेली पानं

थोरलीने पान दोन बोटांत धरलं आणि तिला शिसारी आली. पानभर तपकिरी ठिपके, प्रत्येकाला पिवळी कड, आणि मधोमध काळं बारीक काहीतरी, माशीने घाण करून ठेवावी तसं. परवापर्यंत हे खालच्या फांद्यांवर होतं, आता खांद्यापर्यंत चढलं होतं. तिने फडका बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुचकळला, पिळला आणि पान दोन्ही बाजूंनी पुसलं. मग शेजारचं घेतलं.

"झाडांना रोज आंघोळ," पायरीवर पेपर वाचत बसलेले तिचे यजमान म्हणाले. "माझी पाठ चोळ म्हटलं की मात्र हात दुखतात."

"तुमच्या पाठीवर ठिपके पडले की बघू."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पानांच्या फटीतून तिने पलीकडे डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं.

कुंपणापलीकडे धाकट्या जावेचं घर होतं. दीर गेल्यापासून धाकटी तिथे एकटीच राहत होती, आणि तिच्या अंगावर चट्टे उठले होते. जाड, काळपट, मनगटापासून मानेपर्यंत. सुकले की त्यांचा कोंडा पडे. त्या घरातल्या कपाला ओठ लावायच्या कल्पनेनेच थोरलीला शिसारी येई. तिने तिथे जाणंच सोडलं होतं.

"लागण होत नाही याची, ताई," धाकटीने एकदा आपणहून सांगितलं होतं, दोन्ही हात पाठीमागे धरून. "डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

थोरलीने समजूतदारपणे मान डोलावली होती आणि घरी येऊन कोपरापर्यंत हात धुतले होते.

एवढ्यावर भागलं असतं, पण लेकाचं लग्न जुळत आलं होतं. मुलीकडची माणसं रविवारी घर पाहायला येणार होती. ती माणसं अंगणात बसणार, समोर धाकटी कपडे वाळत घालणार, आणि झालं! म्हणतील, घराण्यातच आहे.

"अगं, ती आपल्या घराण्यात बाहेरून आलीय," यजमान म्हणाले होते. "तुझ्यासारखीच."

"एवढं विचारत कोण बसतं?"

म्हणून ही झाडं. बारमाही हिरवी, पुरुषभर उंचीची, रोपवाटिकेतून मुळांच्या मातीसकट आणून कुंपणाला लागून ओळीने लावलेली. पान गळायचं नाही, हिरवी भिंतच समजा, असं माळ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि महिना उलटतो न उलटतो तोच हे ठिपके!

कुठून आले, याबद्दल थोरलीला शंकाच नव्हती. ओळीतल्या शेवटच्या झाडाला लागूनच धाकटीची दोरी होती. वाऱ्याने तिच्या चादरी, झंपर, टॉवेल त्या झाडावर घासत. तेच कपडे, त्याच अंगावरचे. त्या झाडाला थोरलीने आजवर बोटही लावलं नव्हतं. बाकीची मात्र ती रोज नळापासून सुरुवात करून एकेक पान पुसत जाई. साबणाने हातांची साल निघाली, पानांच्या रसाने बोटं डागाळली, तरी तिने सोडलं नाही. पानं पिवळी पडत, चिकट होत, आणि पुसता पुसता हातातच गळून येत. ओल्या पानांचा कुजका वास तिच्या जेवणाच्या ताटापर्यंत यायला लागला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ओळ अर्धी उघडी पडली होती. आता शेवटचं झाडही बघायलाच हवं होतं. नाक मुरडत, बादली घेऊन ती तिथवर गेली. हात लावायला नको म्हणून तिने काडीने एक पान उलटं केलं.

स्वच्छ होतं.

तिने दुसरं पाहिलं. फांदी वाकवून आतली पाहिली. गर्द हिरवी, तुकतुकीत पानं, एकावरही ठिपका नव्हता. धाकटीच्या झंपराची एक बाही अजून झाडाला टेकून वाळत होती.

थोरलीने मागे वळून ओळ पाहिली. नळाजवळचं झाड, जे ती रोज सगळ्यात आधी पुसायची, त्याच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. मग तिने बादलीत पाहिलं. तपकिरी पाणी, त्यात कुजक्या पानांचे तुकडे, आणि तोच फडका. आजारी पानावरून चांगल्या पानावर, या झाडावरून त्या झाडावर, तिनेच तो फिरवला होता. तिला शिसारी आली, नेहमीसारखीच, पण या वेळी पलीकडे बघून नव्हे.

"ताई?"

झाडांत पडलेल्या भगदाडापलीकडे धाकटी उभी होती. कपडे काढायला आली असावी.

"उद्या पाहुणे आहेत ना तुमच्याकडे? मी सकाळीच मैत्रिणीकडे जाईन. अंधार पडल्यावरच येईन. दोरीवरही काही ठेवत नाही."

महिनाभर थोरलीला हेच हवं होतं. आता धाकटीकडे वर बघवेना.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" धाकटी हसली. मग तिची नजर खाली गेली. "अगंबाई, हातांना काय झालंय तुमच्या? केवढे डाग! बघू, बघू."

आणि एवढ्या वर्षांत प्रथमच, चट्टे विसरून गेल्यासारखं, तिने आपला हात फांद्यांमधून पुढे केला.

थोरलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"काही नाही गं," ती म्हणाली. "लागण होत नाही याची."