कशानंच भाग न जाणारा नंबर

"याला तीननं भाग जातो," आई म्हणाली आणि मोबाइलच्या दुकानात तिनं नव्या नंबराचं सिमकार्ड काउंटरवरून परत सरकवलं.

लेकीनं डोळे मिटून घेतले. "आई, तुला फोन घ्यायचाय की भागाकार करायचेत?"

"फोन तू करणार. नंबर मला सांभाळायचाय."

मागची रांग चुळबुळत होती. घरचा जुना फोन आज संध्याकाळी कायमचा बंद होणार होता आणि उद्या लेकीला बदलीच्या गावी हजर व्हायचं होतं. आईच्या हाती नंबर दिल्याशिवाय तिचा पाय घरातून निघणार नव्हता.

"मावशी, हा बघा व्हीआयपी," दुकानदार म्हणाला. "पहिले पाच आकडे, तेच पाच पुन्हा."

"मग अकरानं जाणारच." आईनं कार्डाकडे पाहिलंही नाही. "नऊ हजार एक्क्याण्णवनंसुद्धा. पाच आकडे कुठलेही घ्या, दोनदा लिहिले की सुटका नाही."

"ऐकलंत?" लेक दुकानदाराला म्हणाली. "ही हवामान खात्यात दिवसभर आकडेमोड करून यायची, तर बाबा दारातच सिलिंडरवरचा नंबर घेऊन उभे! मग दोघं त्या नंबराचे अवयव पाडत बसणार आणि गॅसवरचं दूध उतू जाणार."

"ओटा पुसायचे तेच," आई म्हणाली.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

दुकानदारानं वैतागून स्वतःचा मोबाइल काढला आणि उरलेले नंबर त्यात घालून पाहिले. "सापडला! मूळ संख्या, मावशी. कशानंच भाग जात नाही."

"सुटलो," लेक म्हणाली.

आईनं ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. "नको."

"अगं, भाग जातो तर नको, जात नाही तर नको! लोक खोळंबलेत."

"तीननं, अकरानं जाणारा लगेच संपतो," आई हळूच म्हणाली. "आणि यात काही नाही, हे यांनी सांगूनच टाकलं. मग संध्याकाळी मी करू काय?"

'टीव्ही बघ' हे लेकीच्या ओठांवर आलेलं तिथंच राहिलं.

आईनं आणखी एक कार्ड उचललं. तीन आणि अकरा तिनं उभ्या उभ्या बोटांवर तपासले; दोन्हींनी भाग जात नाही म्हटल्यावर मान डोलावली. दुकानदाराचा हात सवयीनं मोबाइलकडे गेला. लेकीनं त्यावर तळहात ठेवला.

"राहू दे. हाच चालू तेवढा करून द्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्या खोलीतून तिनं आईला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"आई, किती वेळ! जीव टांगणीला लागला माझा."

"नव्या नंबराला सत्तेचाळीसनं भागतेय गं. मध्येच सोडलं की सगळं पहिल्यापासून. जेवलीस?"

"नाही अजून. तू?"

"जेवते नंतर," म्हणून आईनं फोन ठेवूनसुद्धा दिला.

लेकीनं पुटपुटत कपाळावर हात मारून घेतला. मग अर्धवट उघडलेल्या सामानातून पेन्सिल शोधली, आईचा नंबर एका खोक्यावर लिहिला आणि पुढच्या मूळ संख्येपासून, त्रेपन्नपासून, भागायला सुरुवात केली.